कण पेशीत शिरला, औषध कुठे पोहोचले?

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध पाण्यात विरघळवले की नारिंगी-लाल दिसते आणि त्यावर निळा प्रकाश टाकला की स्वतःच लाल चमकते. पेशीत त्याचा माग काढण्यासाठी वेगळे रंगद्रव्य जोडावे लागत नाही, आणि म्हणूनच नॅनोकणांवर काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा हेच औषध पहिल्यांदा दिले जाते. पुण्यातील एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात पीएच.डी.ला प्रवेश घेतल्यावर माझ्याही वाट्याला ते आले. काम एका वाक्यात सांगण्याजोगे होते: पीएलजीए या बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) अतिसूक्ष्म कणांत हे औषध भरायचे, ते कण स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना द्यायचे आणि औषध आत पोहोचते का ते पाहायचे. कण बनवणे आणि ते पेशीत शिरणे हा या कामाचा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे, आणि आत गेलेले औषध नेमके कुठे आहे हे सिद्ध करणे हाच खरा अवघड भाग, हे मात्र प्रत्यक्ष करून पाहिल्यावरच पटले.

मुळात चांगले काम करणाऱ्या औषधाला कणात कोंडण्याची गरज काय, हा प्रश्न घरच्यांनीही विचारला होता. डॉक्सोरुबिसिन पेशीच्या केंद्रकात जाऊन डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरते आणि टोपोआयसोमरेज-२ या विकराच्या (एन्झाइमच्या) कामात अडथळा आणते, त्यामुळे विभाजनाच्या तयारीत असलेली पेशी मरते. परंतु रक्तातून ते सगळीकडेच जाते आणि हृदयाच्या स्नायूंना होणारी इजा मात्रेगणिक साठत जाते. म्हणून एका रुग्णाला आयुष्यभरात ते एकूण किती द्यायचे, याला शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमची मर्यादा पाळली जाते. माझ्या आत्याच्या उपचारांच्या वेळी ‘लाल सलाइन’, म्हणजे हेच औषध, सुरू करण्यापूर्वी टू-डी एको ही हृदयाची सोनोग्राफी का करायला लावतात, हे आम्हां कोणालाच नीट उमगले नव्हते, आणि ते कारण मला पुढे पाठ्यपुस्तकात सापडले.

या अडचणीवर पहिला व्यवहार्य तोडगा निघाला तो लायपोसोमचा. मेदद्रव्यांच्या दुहेरी थराची सुमारे ८० ते १०० नॅनोमीटरची (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) पोकळ पिशवी, तिच्या पोटात डॉक्सोरुबिसिन आणि बाहेरून पॉलिएथिलीन ग्लायकोलचे आवरण, अशा औषधाला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर दहा वर्षांनी, २००५ मध्ये, अल्ब्युमिन या प्रथिनात बांधलेल्या पॅक्लिटॅक्सेलच्या सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांना मान्यता मिळाली. नॅनोकण म्हणजे उद्याची गोष्ट, असे जे सर्रास लिहिले जाते ते त्यामुळे मला थोडे खटकते. पुण्यातल्या कर्करोग रुग्णालयांत ही औषधे आज रोजच्या वापरात आहेत.

कण बनवण्याच्या टप्प्यावर पहिली अडचण औषधाच्या स्वभावाची होती. बाटलीत मिळणारे डॉक्सोरुबिसिन हायड्रोक्लोराइड पाण्यात सहज विरघळते, पीएलजीए मात्र पाण्यात विरघळत नाही, त्याला डायक्लोरोमिथेनसारखे द्रावक लागते. दोन्ही एकत्र आणून पाण्यात घुसळले तर बहुवारिकाचे कण होतात, पण औषध कणात न राहता पाण्याकडे पळते. त्यासाठी आधी ट्रायएथिलअमाइन घालून औषधाचे मूळ आम्लारिधर्मी रूप मोकळे करावे लागते, त्या वेळी नारिंगी द्रावणाला किंचित जांभळी झाक येते आणि ते द्रावकात राहायला तयार होते. मग हे द्रावण पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या थंड पाण्यात ओतून प्रोब सोनिकेटर या ध्वनिलहरींनी द्रव घुसळणाऱ्या यंत्राखाली धरायचे. त्याचा कर्कश आवाज भिंतीपलीकडच्या वर्गातही ऐकू जात असल्यामुळे हे काम आम्ही व्याख्याने संपल्यावर करत असू, आणि बर्फाची बादली भरून ठेवण्याची आठवण प्रयोगशाळेतले मामा स्वतःहून करून देत. बर्फ कमी पडला तर द्रावण तापते, डायक्लोरोमिथेन भराभर उडते आणि कणांचे गठ्ठे होतात.

द्रावक उडून जाण्यासाठी मिश्रण रात्रभर ढवळत ठेवायचे, मग अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये कण तळाशी बसवायचे. नळी बाहेर काढताच उपकरणाआधी डोळ्यांनाच निकाल कळतो. वरचे पाणी जितके लाल, तितके औषध कणाबाहेर राहिलेले. त्या पाण्याचे ४८० नॅनोमीटरवरील प्रकाशशोषण मोजून नेमका हिशोब मांडायचा, कण धुवायचे आणि ट्रेहॅलोज घालून शीतशुष्कन करायचे, म्हणजे गोठवून वाळवायचे. ही साखर घातली नाही तर गोठताना कण एकमेकांना असे चिकटतात की पुन्हा पाण्यात सुटे होत नाहीत. औषधाला प्रकाश सोसत नाही, म्हणून आमच्या बाकावरची प्रत्येक नळी चांदीच्या कागदात गुंडाळलेली असे.

आकार मोजण्याच्या भागाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. प्रकाश विखुरण्याच्या पद्धतीने, म्हणजे डीएलएसने, कण १५० ते २०० नॅनोमीटरच्या दरम्यान येत, आणि पाषाण रस्त्यावरील एका संशोधन संस्थेत शुल्क भरून काढलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत त्याहून बारीक दिसत. यात विसंगती काही नाही, कारण पहिली पद्धत कणाभोवतीच्या पाण्याच्या थरासह आकार मोजते, शिवाय मोठ्या कणांना तिच्यात जास्त वजन मिळते, तर दुसरीत कण पूर्ण कोरडा झालेला असतो. मात्र पेशींना देण्यासाठी हेच कण वासराच्या रक्तलसीचे (सीरमचे) १० टक्के मिश्रण असलेल्या पोषक द्रावणात मिसळले की त्यांचा आकार वाढलेला दिसे. रक्तलसीतील प्रथिने कणावर थर धरतात, आणि पेशीला भेटतो तो आपण बनवलेला कण नसून हा प्रथिने पांघरलेला कण असतो.

औषध कणातून किती वेगाने सुटते हे पाहण्यासाठी कण डायलिसिसच्या पिशवीत (तिच्यातून औषध बाहेर पडते, कण नाही) भरून ३७ अंश सेल्सिअसला दोन द्रावणांत ठेवले: एकाचा सामू रक्तासारखा ७.४ आणि दुसऱ्याचा ५.५. पहिल्या काही तासांत दोन्हींकडे एक लोंढा येतो, तो कणाच्या पृष्ठभागाशी अडकलेल्या औषधाचा. नंतर वेग मंदावतो आणि आम्लधर्मी द्रावणात औषध अधिक सुटते. सुरुवातीला तासातासाने नमुने घ्यायचे असल्यामुळे प्रयोग बुधवारी लावायचा नाही, असा आमचा अलिखित नियम होता. दुरुस्तीसाठी वीज गेली तर ती बहुतेक गुरुवारी जाते हे पुण्यात कोणाला सांगावे लागत नाही, आणि जनित्र सुरू होईपर्यंत थांबलेल्या शेकरने सगळा आलेख वाकडा होतो. सुरुवातीच्या त्या लोंढ्याला मी तेव्हा फारसे महत्त्व दिले नव्हते. आलेखात तो प्रत्येकाच्याच दिसतो. त्याचे महत्त्व पुढे सूक्ष्मदर्शकाखाली कळले.

पेशींसाठी मात्र पुण्यात असण्याचा मोठा फायदा आहे. विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात देशाचे पेशीभांडार आहे, आणि इतर शहरांतील प्रयोगशाळांना जी पेशीवाहिनी (सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या एकाच वंशाच्या पेशी) पार्सलने मागवावी लागते ती आम्ही रिक्षाने जाऊन आणू शकलो. आम्ही निवडलेल्या पेशी एमसीएफ-७ नावाच्या. अमेरिकेतील मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये १९७० साली एका ख्रिस्ती जोगिणीच्या (ननच्या) फुप्फुसावरणातील द्रवातून त्या वेगळ्या केल्या गेल्या आणि तेव्हापासून जगभरच्या काचपात्रांत वाढत आहेत. इस्ट्रोजेन या संप्रेरकाला धरणारी ग्राही प्रथिने शाबूत असल्यामुळे स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासात त्यांना विशेष मान आहे. त्यांना ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, वेळच्या वेळी ताजे पोषक द्रावण आणि दाटी झाली की ट्रिप्सिन या विकराने सुटे करून नव्या फ्लास्कमध्ये घर लागते. पावसाळ्यात यातले काहीच सरळ होत नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बुरशी इन्क्युबेटरपर्यंत वाट काढते आणि एका सकाळी फ्लास्कमध्ये पांढरे तंतू तरंगताना दिसले की सोबतचे सगळे फ्लास्क टाकून, इन्क्युबेटर पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते. त्यामुळे महत्त्वाचे प्रयोग आम्ही दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत उरकत असू.

मुख्य प्रयोग असा होता. काचेच्या तळाच्या बशीत पेशी वाढवायच्या, एका बशीला मोकळे डॉक्सोरुबिसिन आणि दुसरीला तेवढेच औषध भरलेले कण द्यायचे, ठरावीक वेळाने धुऊन कॉन्फोकल, म्हणजे पेशीचा एकेक थर वेगळा दाखवणाऱ्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. मोकळ्या औषधाच्या बशीत केंद्रके लाल झालेली होती, जशी ती व्हायला हवीत. कणांच्या बशीत चार तासांनी केंद्रकाभोवतीच्या पेशीद्रवात लाल ठिपक्यांची दाटी होती आणि केंद्रकेही फिकट लाल दिसत होती. इतके देखणे चित्र शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर शोभेल, असे आम्हां विद्यार्थ्यांना वाटले. मार्गदर्शक मॅडमनी ते शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, “चित्र छान आहे. आता मला सांग, हा ठिपका पेशीच्या आत आहे की पेशीला चिकटलेला? आणि केंद्रकातला लाल रंग कणातून आलाय की बाहेर गळलेल्या औषधातून?” पुढचे बरेच महिने या दोन प्रश्नांची उत्तरे मिळवण्यात गेले, आणि माझ्या मते प्रबंधातील वाचण्यासारखा भाग तेवढाच आहे.

पहिल्या प्रश्नासाठी पेशींना थंड करावे लागले. एवढ्या आकाराचा कण पेशीपटलातून झिरपू शकत नाही, पटल आत वळून त्याची पिशवी करते आणि कणाला पोटात घेते. या एंडोसायटोसिसला ऊर्जा लागते आणि ४ अंशांना ते जवळजवळ थांबते. म्हणून एक बशी बर्फाच्या थंडाव्यात आणि एक ३७ अंशांना ठेवून दोन्हींना तेच कण दिले. थंड बशीतील पेशींच्या आत ठिपके नव्हते, पण त्यांच्या कडेला लाल ठिपक्यांची किनार होती. म्हणजे उबदार बशीत जी चमक आम्ही सरसकट ‘आत गेलेली’ म्हणून मोजली असती, तिच्यातील काही वाटा नुसता चिकटलेल्या कणांचा होता. त्यानंतर पेशीचे थरावर थर चित्रित करून ठिपक्याची खोली ठरवणे आणि थंड बशीतील चमक वजा करणे हे नेहमीचेच झाले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या सुरुवातीच्या लोंढ्यात होते. कण पेशींविना नुसत्या पोषक द्रावणात तेवढाच वेळ ठेवले, मग कण पूर्ण काढून टाकले आणि उरलेले द्रावण पेशींना दिले. केंद्रके फिकट लाल झाली. त्या द्रावणात एकही कण नव्हता, होते ते फक्त गळलेले औषध, आणि डॉक्सोरुबिसिन लहान रेणू असल्यामुळे ते पेशीपटल ओलांडून नेहमीच्या वाटेने आत गेले होते. थोडक्यात, चार तासांच्या चित्रातील केंद्रकाचा रंग बऱ्याच अंशी कणांच्या कर्तृत्वाचा नव्हता. कणांची कामगिरी म्हणून अशी चित्रे छापलेले निबंध मी याआधीही वाचले होते, आणि आता ते वाचताना माझी नजर आधी या तुलनेची बशी शोधते. बहुतेक वेळा ती सापडत नाही.

उरलेला प्रश्न पेशीद्रवातील ठिपक्यांचा होता. पेशीने गिळलेली पिशवी हळूहळू आम्लधर्मी होत जाते आणि अखेर लायसोसोमला, म्हणजे शालेय पुस्तकातल्या लयकारिकेला, मिळते, जिथे सामू ४.५ ते ५ च्या आसपास असतो आणि पचवणारी विकरे असतात. तिथे अडकलेले औषध केंद्रकाच्या कामाचे नाही. हे पाहण्यासाठी लायसोसोमला हिरवे रंगवणारे द्रव्य वापरायचे आणि लाल-हिरवे एकावर एक येऊन पिवळे ठिपके होतात का ते पाहायचे. या रंगाची अडचण अशी की पेशी फॉर्मल्डिहाइडने स्थिर केल्या की तो नीट टिकत नाही, त्यामुळे पेशी जिवंतच पाहाव्या लागतात, आणि आमचे कॉन्फोकल शहराच्या दुसऱ्या टोकाला. थर्मोकोलच्या डब्यात कोमट पाण्याच्या पिशव्यांमध्ये बशा ठेवून विद्यापीठ चौकातील गर्दीतून रिक्षाने जाताना कार्बन डायऑक्साइडविना द्रावणाचा सामू चढू नये, म्हणून हेपेस हे बफर घातलेले, लाल सूचक नसलेले द्रावण वापरले. तिथे गेल्यावरही आधी फक्त हिरव्या रंगाची आणि फक्त औषधाची अशा वेगळ्या बशा पाहून एका रंगाचा प्रकाश दुसऱ्याच्या खात्यात जमा होत नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागे.

चार तासांनी बहुतेक ठिपके पिवळे होते. कण आत गेले होते खरे, पण ते लायसोसोममध्ये बसून होते. डॉक्सोरुबिसिन दुर्बल आम्लारी असल्यामुळे आम्लधर्मी पिशवीत त्याच्यावर प्रभार येतो आणि प्रभार घेऊन पटल ओलांडणे त्याला जड जाते, म्हणजे कणातून सुटलेले औषधही काही काळ तिथेच कोंडलेले राहते. यावर निर्णायक पुरावा मिळाला तो आवरणाला वेगळा रंग दिल्यावर. पीएलजीएच्या साखळीलाच रासायनिक बंधाने दूर-लाल रंगद्रव्य जोडलेले बहुवारिक वापरले, जेणेकरून कण आणि औषध यांचा माग वेगवेगळा घेता येईल. २४ तासांनी आवरणाचा रंग केंद्रकाबाहेरच होता आणि औषधाचा रंग केंद्रकात वाढलेला होता. गळलेल्या औषधाच्या बशीची चमक वजा केल्यावरही वाढ शिल्लक राहिली, तेव्हा मॅडमनी प्रथमच “आता लिही” असे म्हटले. अर्थात चमकेवरून थेट प्रमाण काढण्याची मुभा तेव्हाही नव्हती, कारण कणात दाटीने भरलेले औषध आणि डीएनएमध्ये अडकलेले औषध दोन्ही आपली चमक बरीच गमावतात. प्रमाण ठरवण्यासाठी केंद्रके वेगळी करून त्यांतील औषध द्रावकाने काढून मोजावे लागले.

पेशी किती मरतात हे एमटीटी चाचणीने पाहिले. जिवंत पेशी पिवळ्या द्रव्याचे जांभळे स्फटिक करतात, ते डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवून ५७० नॅनोमीटरला मोजायचे. २४ तासांनी मोकळे औषध कणांपेक्षा सरळसरळ प्रभावी ठरले, आणि ७२ तासांनी दोघांतील अंतर बरेच कमी झाले. हा आलेख पाहून महाविद्यालयातील एका परिसंवादात कोणीतरी विचारले की मग एवढा उपद्व्याप कशासाठी. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर बशीत सापडत नाही, कारण बशीत हृदय नसते. लायपोसोममधील डॉक्सोरुबिसिनची साध्या डॉक्सोरुबिसिनशी तुलना करणाऱ्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावर दोघांचा परिणाम सारखाच आढळला होता. फरक पडला तो हृदयाच्या इजेत, ती लायपोसोमच्या गटात बरीच कमी होती, आणि बदल्यात तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास वाढला होता. नॅनोकणाने औषध अधिक मारक होते, ही समजूत मी स्वतः ज्या व्याख्यानांतून घेतली होती, ती देणाऱ्यांनी हा निकाल सांगितला असता तर बरे झाले असते.

शरीरातील वाट तर बशीहून कितीतरी लांब आहे. शिरेतून दिलेल्या कणांपैकी मोठा भाग यकृत आणि प्लीहेतील भक्षक पेशी गिळून टाकतात. टोरांटोच्या संशोधकांनी दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोग एकत्र करून २०१६ मध्ये दाखवले की दिलेल्या मात्रेचा केवळ ०.७ टक्के भाग (सर्व प्रयोगांचा मध्यक, म्हणजे मधली किंमत) गाठीत पोहोचतो. गाठीच्या रक्तवाहिन्यांना फटी असतात आणि कण त्यांतून आपोआप आत झिरपतात, ही १९८६ मध्ये जपानमधील मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडलेली कल्पना आम्हांला पहिल्याच व्याख्यानात शिकवली जाते. त्याच टोरांटोच्या गटाने २०२० मध्ये मात्र बहुतेक कण फटींतून न जाता रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींतूनच पलीकडे नेले जातात, असे उंदरांमधील गाठींत दाखवले. म्हणजे तिथेही गाठीपर्यंत जाण्यासाठी कणाला एका पेशीत शिरून पुन्हा बाहेर पडावे लागते, आणि आमच्या बशीतल्या दोन प्रश्नांपासून सुटका नाही.

आत्याला मी हे सगळे एकदा सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे पुढच्यांना तो एको करायला लागणार नाही का गं?” लायपोसोमच्या औषधालाही हृदयाची तपासणी चुकत नाही, हे मला तिला सांगावे लागले.

सध्या काम हृदयाच्या बाजूने सुरू आहे. उंदरांवरील प्रयोगांसाठी प्राणी नीतिसमितीकडे अर्ज दिला आहे, त्याला वेळ लागेल. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, ती समोर ठेवून कणांचा आकार आणि टिकाऊपणा यांच्या नोंदी नव्याने लावत आहोत. दरम्यान पेशीभांडारातून रॅट या मोठ्या उंदराच्या हृदयस्नायूपासून मिळवलेल्या एच९सी२ पेशी आणल्या आहेत. त्यांनाही त्याच चार बशा देणार आहोत: मोकळे औषध, औषध भरलेले कण, रिकामे कण आणि कण काढून टाकलेले गळतीचे द्रावण. कर्करोगाच्या पेशींनी जे कण गिळले तेच या पेशींनीही तितक्याच उत्साहाने गिळले, तर आवरण बदलावे लागेल, आणि मॅडमच्या मते ती शक्यता कमी नाही.